उड्डाण-चाचणीचे मोजमाप कोणी घ्यावे?

(धारूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. बालाघाटाच्या ह्या माथ्यावर पाण्याचा, रोजगाराचा आणि ऊसतोड कामगारांच्या उचलीचा प्रश्न उभा असताना अंतराळ-तंत्रज्ञानाच्या लष्करी उड्डाण-चाचण्यांवर बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. माझे उत्तर साधे आहे. साबणाच्या वडीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरून आपण ज्या तिजोरीत भर घालतो, त्याच तिजोरीतून ह्या चाचण्यांचा खर्च होतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण संशोधन व विकास संघटनेसाठी, म्हणजे डीआरडीओसाठी, सुमारे २६,८१७ कोटी रुपये आणि अंतराळ विभागासाठी सुमारे १३,४१६ कोटी रुपये ठेवण्यात आले. दोन्ही मिळून ही रक्कम चाळीस हजार कोटींहून अधिक होते. एवढ्या पैशांविषयी धारूरच्या माणसाला काही विचारण्याचा अधिकार नाही, असे म्हणणारा माणूस लोकशाही मानतो असे मला वाटत नाही.

हिशेब म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला शिकवावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ साली कायद्याचे रूप घेतलेली रोजगार हमी योजना आपण पाहिली आहे. त्या कामावर काय बांधायचे हे अंदाजपत्रकात आधी लिहिलेले असते. खोदलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि मग मजुरी हातात पडते. दुसरीकडे मुकादमाची वहीही आपण पाहिली आहे. उचल किती घेतली, किती फिटली, किती राहिली हे त्या वहीत मुकादमच लिहितो, आणि ती न पाहता टोळीने अंगठे उठवायचे असतात. ह्या दोन वह्यांमधला फरक हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. खडी फोडणाऱ्या बाईला जो नियम लागू आहे, तोच आकाशात यंत्र सोडणाऱ्या खात्यालाही लागू असावा. काय साधायचे ते आधी लिहावे. काय साधले ते नंतर त्याच मापाने मोजावे. आणि ही मोजणी काम करणाऱ्याने स्वतः न करता दुसऱ्या कोणीतरी करावी.

आता उड्डाण-चाचणी म्हणजे काय, ते पाहू. नेहमीचा अग्निबाण आपले इंधन जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू स्वतःबरोबर वाहून नेतो, आणि त्याच्या वजनाचा फार मोठा भाग ह्या ओझ्याचाच असतो. स्क्रॅमजेट नावाचे इंजिन तो प्राणवायू वाटेतील हवेतूनच घेते. परंतु हवा इंजिनातून ध्वनीपेक्षा अधिक वेगाने वाहत असताना सेकंदाच्या सहस्रांशात इंधन तिच्यात मिसळून पेटले पाहिजे आणि पेटते राहिले पाहिजे. जमिनीवर इंजिन चालवून पाहता येते, आणि ते पाहिलेच पाहिजे. परंतु प्रत्यक्ष उड्डाणातील वेग, उंची, उष्णता आणि हादरे हे सर्व एकाच वेळी जमिनीवर निर्माण करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून शेवटी यंत्र आकाशात सोडावेच लागते, आणि ज्याची उभारणी करण्यास वर्षे लागली ते काही मिनिटांत समुद्रात जाते.

ह्यातूनच एक गोष्ट ओघाने येते. प्रयोगात अपयश येणारच, आणि ते आपण सहन केले पाहिजे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा आपला पहिला उपग्रहवाहक अग्निबाण उड्डाणानंतर पाचएक मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळला. त्या वेळी इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. पुढे वर्षभराच्या आत, १८ जुलै १९८० रोजी, त्याच जातीच्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. त्या अग्निबाणाच्या घन इंधनामागे आपल्या पुण्याच्या वसंत गोवारीकरांचे नेतृत्व होते. ऊस आणि साखरेमुळे नावारूपास आलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे तयार होत आली आहेत. तेव्हा हे विज्ञान आपल्याला परके नाही, आणि त्याचा द्वेष करण्याचे आपल्याला काही कारण नाही. १९७९ च्या अपयशाने देशाचा विश्वास ढळला नाही, कारण ते लपवले गेले नव्हते.

नागरी अंतराळ-कार्य आणि लष्करी कार्य ह्यांमधील भिंत मात्र पहिल्यापासूनच पातळ राहिली आहे. एसएलव्ही-३ चे प्रकल्पसंचालक अब्दुल कलाम १९८२ मध्ये संरक्षण संशोधनाकडे गेले. २२ मे १९८९ रोजी उडालेल्या अग्नी क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ च्याच मोटारीवरून घेतलेला होता. अलीकडचे उदाहरण कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्याचे आहे. परत येऊन धावपट्टीवर उतरणारे पंखधारी अंतराळयान इस्रो तयार करीत आहे. २३ मे २०१६ रोजी त्याचा पहिला नमुना श्रीहरिकोट्याहून सुमारे ६५ किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन समुद्रात उतरला. पुढची पायरी धावपट्टीवर उतरण्याची होती. त्यासाठी धावपट्टी डीआरडीओच्या उड्डाण-चाचणी क्षेत्राची, आणि यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडणारे चिनूक हेलिकॉप्टर हवाई दलाचे होते.

ह्या चाचण्या कशा घेतल्या गेल्या ते मुद्दाम सांगतो. २ एप्रिल २०२३ रोजी यान धावपट्टीच्या सरळ रेषेत सोडले. २२ मार्च २०२४ रोजी ते मुद्दाम सुमारे १५० मीटर बाजूला, आणि २३ जून २०२४ रोजी सुमारे ५०० मीटर बाजूला सोडले. प्रत्येक वेळी त्याने स्वतः दिशा सुधारून धावपट्टी गाठली. तिसऱ्या चाचणीत दुसरीतलेच यान पुन्हा वापरले गेले. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा अवघड होती, ती किती अवघड होती हे लोकांना आकड्यांत सांगितले गेले, आणि वापरलेली वस्तू पुन्हा वापरून खर्च वाचवला गेला. चाचण्यांचे व्यवस्थापन असे असावे. धावपट्टी आणि हेलिकॉप्टर लष्कराचे होते म्हणून हे आकडे सांगण्यात देशाच्या सुरक्षिततेला कसलीही बाधा आली नाही, हेही ध्यानात घ्या.

आता दुसरी बाजू पाहा. स्क्रॅमजेटची उड्डाण-चाचणी आपल्या देशात दोन खात्यांनी स्वतंत्रपणे केली. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून ती घेतली, आणि इंजिन सुमारे पाच सेकंद चालल्याचे जाहीर केले. डीआरडीओने १२ जून २०१९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून अग्नी मोटारीच्या साहाय्याने आपले यान सोडले. प्रक्षेपण यशस्वी झाले, माहिती गोळा झाली, असे त्या वेळी सांगण्यात आले. ज्या इंजिनासाठी हा सर्व खटाटोप होता ते किती सेकंद चालले, हे मात्र सांगण्यात आले नाही. ७ सप्टेंबर २०२० च्या दुसऱ्या चाचणीत ते वीस सेकंदांहून अधिक काळ, ध्वनीच्या सुमारे सहापट वेगाने चालले, आणि तो आकडा तत्परतेने जाहीर झाला. यशाच्या वेळी आकडा आणि एरवी मौन, ही मोजमापाची पद्धत नव्हे. शिवाय दोन खाती एकाच विज्ञानाच्या मागे असताना पहिल्याच्या अनुभवाचा दुसऱ्याला किती उपयोग झाला, खर्च दुप्पट झाला की वाचला, हे संसदेला विचारता आले पाहिजे.

हा माझा तर्क नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी डीआरडीओच्या तातडीच्या म्हणून हाती घेतलेल्या प्रकल्पांची तपासणी केली आणि तिचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेपुढे आला. तपासलेल्या १७८ प्रकल्पांपैकी ११९ प्रकल्पांनी ठरलेली मुदत पाळली नव्हती, आणि ४९ प्रकल्पांना मूळ मुदतीच्या दुपटीहून अधिक काळ लागला होता. विलंब एक वेळ समजू शकतो. परंतु त्याच अहवालातील दुसरी नोंद अधिक गंभीर आहे. यशस्वी म्हणून बंद केलेल्या ८६ प्रकल्पांपैकी २० प्रकल्पांत एक किंवा अधिक मुख्य उद्दिष्टे वा निकष साधलेले नव्हते, आणि ह्या वीस प्रकल्पांवर सुमारे १,०७५ कोटी रुपये खर्च झाले होते. खड्डा सहा फूट ठरला असताना चार फूट खोदून पूर्ण मजुरी लावली, तर मजुरावर आणि मुकादमावर काय कारवाई होते, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे मात्र त्याला यश म्हटले गेले.

कावेरी विमान-इंजिनाची कथाही ह्याच जातीची आहे. १९८९ मध्ये त्याला सुमारे ३८३ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. १९९६ अखेर ते पुरे व्हायचे होते. पुढे मंजूर खर्च २,८३९ कोटींपर्यंत वाढला, आणि २००८ मध्ये तेजस विमानाशी असलेला त्याचा संबंध तोडण्यात आला. उडत्या विमानावर हे इंजिन बसवून तपासण्याची सोय आपल्याकडे नसल्याने २०१० मध्ये ते मॉस्कोजवळ रशियन विमानावर तपासावे लागले. यंत्र बनवण्याचा खर्च मंजूर करताना ते तपासायचे कोठे आणि कशावर, ह्याचा विचार पहिल्याच दिवशी झाला नाही तर काय होते, ह्याचा हा धडा आहे. चाचणीचा खर्च हा प्रकल्पाच्या शेवटी जोडण्याचा किरकोळ खर्च नव्हे. तो पहिल्या अंदाजपत्रकातच आला पाहिजे.

ह्यावर आक्षेप ठरलेला आहे. देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, सगळे उघड करता येत नाही, असे म्हटले जाते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. शेजारचे देश शस्त्रे वाढवीत असताना आपण आपल्या यंत्रांचे आराखडे चव्हाट्यावर मांडावेत असे कोणी म्हणत नाही. परंतु गुपिताचे दोन प्रकार असतात. इंजिनाच्या आतील धातू कोणता, मार्गदर्शन कसे होते, हे यंत्राचे गुपित आहे. ते राखलेच पाहिजे. प्रकल्पाला किती पैसे मंजूर झाले, किती खर्च झाले, मुदत किती होती, ठरलेली उद्दिष्टे साधली की नाही, हे शत्रूपेक्षा आपल्याच लोकांपासून राखलेले गुपित असते. पहिल्या गुपिताच्या घोंगडीखाली दुसरे गुपित लपवू देता कामा नये. धारूरच्या ह्या किल्ल्याने आदिलशाही, निजामशाही आणि मोगल अशा सत्ता पाहिल्या. त्या सत्तांनी तोफा ओतताना रयतेला विचारले नाही. रयतेचा नागरिक झाला, ह्याचा अर्थच असा की तोफेचा खर्च त्याच्या प्रतिनिधींना विचारून व्हावा.

कायद्यानेही इथे एक विषमता निर्माण केली आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चोविसाव्या कलमाखाली ज्या संघटनांना सूट मिळाली त्यांत डीआरडीओचा समावेश आहे, इस्रोचा नाही. भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरतीच त्या सुटीला मर्यादा आहे. त्यामुळे एकच विज्ञान एका खात्यात नागरिकाच्या प्रश्नाला उत्तर देण्यास बांधलेले असते आणि दुसऱ्या खात्यात गेले की मुके होते. २७ मार्च २०१९ च्या उपग्रहभेदी चाचणीत तर दोन्ही खाती होती. जो उपग्रह पाडला तो २४ जानेवारी २०१९ रोजी इस्रोच्या अग्निबाणाने कक्षेत नेला होता, आणि पाडणारे क्षेपणास्त्र डीआरडीओचे होते. लक्ष्य एका विभागाच्या वाहनाने गेले आणि बाण दुसऱ्याच्या भात्यातून सुटला. नागरिकाने बेरीज कोणत्या वहीत शोधायची?

त्या चाचणीबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. लोकसभेच्या निवडणुकीचा प्रचार चालू असताना तिची घोषणा खुद्द पंतप्रधानांनी राष्ट्राला उद्देशून केली. निवडणूक आयोगाला त्यात आचारसंहितेचा भंग दिसला नाही. कायद्याचे राहू द्या. परंतु शास्त्रज्ञांची चाचणी प्रचाराच्या दिवसांत येऊन पडते तेव्हा तिचे यशापयश तटस्थपणे तपासण्यास कोणी धजत नाही, आणि नुकसान विज्ञानाचे होते. दुसरी गोष्ट ढिगाऱ्याची. सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर उपग्रह फोडल्याने तुकडे लवकर जळून जातील असे आपल्याकडून सांगण्यात आले. अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेच्या प्रमुखांनी त्या वेळी सुमारे चारशे तुकड्यांचा उल्लेख केला, आणि चोवीस तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या कक्षेच्याही वर गेल्याचे सांगितले. बरेच तुकडे लवकर जळाले. काही वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले. ज्या स्थानकात माणसे राहतात त्याच्या वाटेत तुकडे जाण्याचा धोका चाचणीपूर्वी कोणी तपासला, आणि त्यावर सही कोणाची, हाही व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे.

महासत्तांकडे पाहिले तर दोन्ही प्रकारचे नमुने दिसतात. अमेरिकेचे एक्स-३७बी हे मानवरहित लष्करी अंतराळयान नासाच्या नागरी प्रकल्पातून जन्मले, २००४ मध्ये संरक्षण खात्याकडे गेले, २०१० मध्ये पहिल्यांदा उडाले, आणि त्याच्या खर्चावर गुप्ततेचा पडदा पडला. अवकाशातून प्रवास करणाऱ्या विमानाची घोषणा अध्यक्ष रेगन ह्यांनी १९८६ मध्ये मोठ्या थाटात केली. १९९३ मध्ये ती योजना गुंडाळली गेली आणि ते विमान एकदाही उडाले नाही. उलट त्याच देशाच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २०१० आणि २०११ मध्ये घेतलेल्या अतिवेगवान यानाच्या दोन्ही चाचण्या सुमारे नऊ मिनिटांनंतर संपर्क तुटून फसल्या. तेव्हा तिने तज्ज्ञांचे चौकशी मंडळ नेमले आणि दुसऱ्या यानाचे बाह्य आवरण उष्णतेने निघून गेल्याचे २०१२ मध्ये जाहीर केले. त्यामुळे अमेरिका दुबळी झाल्याचे कोणी ऐकले नाही. इस्रोनेही ऑगस्ट २०२१ मधील जीएसएलव्हीच्या अपयशाचे कारण, एका झडपेतील गळती, लोकांपुढे मांडले होते.

पैशाइतकाच जमिनीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या चित्रदुर्गच्या धावपट्टीचे मी कौतुक केले ती चळ्ळकेरे तालुक्यात आहे. तो प्रदेश आपल्यासारखाच कोरडवाहू, मेंढपाळांचा आणि घोंगडी विणणाऱ्यांचा आहे. तेथील अमृतमहाल कावल नावाच्या गवताळ रानातील सुमारे दहा हजार एकर जमीन संशोधन व अन्य प्रकल्पांना देण्यात आली. त्यातील चार हजारांहून अधिक एकर डीआरडीओच्या वाट्याला गेली. भिंती उठल्या आणि पिढ्यान्पिढ्यांची चराई तुटली. २०१३ मध्ये हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. चाचणीच्या खर्चात धावपट्टीचे काँक्रीट मोजले जाते. मेंढपाळाचे गवत मोजले जात नाही. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात के. के. रेंज ह्या लष्करी सराव-क्षेत्रासाठी जमिनी जाण्याची भीती राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतील गावांनी वर्षानुवर्षे डोक्यावर वागवली आहे.

ओडिशातील बालियापालची हकिकत मात्र धीर देणारी आहे. १९८० च्या दशकात बालासोर जिल्ह्यातील त्या सुपीक, पानमळ्यांच्या भागात क्षेपणास्त्रांचे राष्ट्रीय चाचणी-क्षेत्र करण्याचे ठरले. हजारो कुटुंबांनी अहिंसक मार्गाने, रस्त्यांवर अडसर उभे करून अधिकाऱ्यांना गावात येऊ दिले नाही. ती योजना तेथे झाली नाही. म्हणून देशाचे क्षेपणास्त्र-संशोधन थांबले काय? नाही. १९९३ पासून चाचण्या समुद्रातील व्हीलर बेटावरून होऊ लागल्या. तेच आजचे अब्दुल कलाम बेट. शेतकऱ्याला उठवल्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही, हे म्हणणे बालियापालने खोटे ठरवले.

ह्या क्षेत्रात आता खासगी कंपन्याही येत आहेत. २०२२ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीचा चौथा हिस्सा उद्योग, नवउद्योग व विद्यापीठांसाठी खुला करण्याचे जाहीर झाले. तरुण अभियंत्यांना संधी मिळावी, ह्याला विरोध नाही. परंतु लोकांच्या पैशातून केलेल्या चाचणीचे फसलेले टोक सरकारच्या पदरी आणि साधलेले टोक कंपनीच्या खात्यावर, अशी वाटणी होता कामा नये.

मग आपण मागायचे काय? प्रत्येक उड्डाण-चाचणीची उद्दिष्टे मंजुरीच्या वेळीच लिहून मोहोरबंद व्हावीत आणि चाचणीनंतर संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे, हवे तर बंद दारांआड, ताडून पाहिली जावीत. यशाचा निर्णय प्रयोगशाळेने न देता तिच्या बाहेरच्या तज्ज्ञांनी द्यावा. दोन खात्यांतून पैसा येत असेल तेथे संयुक्त हिशेब एका ठिकाणी मांडावा. मंजूर रक्कम, खर्च, मुदत आणि निकाल हे चार आकडे माहितीच्या अधिकाराखाली खुले व्हावेत. चाचणी-क्षेत्रासाठी जमीन घेताना चराई आणि उपजीविका ह्यांचे मोल खर्चात धरावे आणि ग्रामसभेचे म्हणणे नोंदवावे. ह्यांपैकी एकाही मागणीने एकाही यंत्राचे गुपित बाहेर जात नाही.

ह्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. स्थायी समितीचे आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे येतात. तालुक्याच्या कार्यकर्त्याने त्यांतील दोन पाने वाचून आपल्या खासदाराला प्रश्न पाठवावा, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवावा. १९६३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केरळातील थुंबा येथून आपल्या देशातले पहिले अग्निबाण-उड्डाण झाले. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे मी मानीत नाही. गरीब देशाने आकाशात झेप घ्यावी. परंतु त्या झेपेची वही गरिबाच्या हाती असावी, आणि त्याने अंगठा उठवण्यापूर्वी ती त्याला वाचून दाखवली जावी. अपयश आपण माफ करू. हिशेब मात्र माफ करता येणार नाही.